भरतीच्या वेळी रोहित कुठे जातात? शहरातल्या पाणथळी एकमेकींना जोडून वाचवण्याची कृती

ठाणे खाडीत ओहोटी लागली की चिखलपट्टे उघडे पडतात आणि रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे तिथे चरायला उतरतात. काही तासांनी भरती चढते, चिखल बुडतो आणि या पक्ष्यांना टेकायला दुसरी उथळ जागा लागते. नेरुळचा डीपीएस तलाव, टी. एस. चाणक्य ही सागरी प्रशिक्षण संस्था आणि एनआरआय निवासी संकुल यांच्यालगतच्या पाणथळी, भांडुप उदंचन (पंपिंग) केंद्राजवळची तळी, उरणकडचं पाणजे ही त्यांची भरतीची ठिकाणं. खाडीला २०१५ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ साली ६,५२१ हेक्टर क्षेत्र आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलं. भरतीची ठिकाणं मात्र बहुतांशी अभयारण्याच्या रेषेबाहेर राहिली. पक्ष्याच्या दिवसाचा एक भाग संरक्षित, आणि दुसरा भाग भूखंडांच्या नकाशात.

एप्रिल २०२४ मध्ये डीपीएस तलावाजवळ रोहित मेलेले आढळले, तेव्हा भरतीचं पाणी आत येण्याची वाट बुजून तलाव कोरडा पडत चालला होता. खाडी शाबूत होती, तलावाची जागाही शाबूत होती. तुटला होता तो मधला दुवा. म्हणून एकेक तळं वाचवण्यापेक्षा साखळी वाचवायची, आणि साखळीत सगळ्यात आधी पाण्याची ये-जा बघायची. गृहनिर्माण संस्था, नागरिकांचे गट आणि महापालिकेतले अभियंते यांना वर्षभरात काय करता येईल, ते इथे क्रमाने दिलं आहे. उदाहरणं ठाणे खाडीची असली तरी पद्धत गोड्या पाण्याच्या शहरांनाही लागू पडते.

पहिली पायरी: साखळीचा नकाशा

गूगल अर्थमधली जुनी उपग्रहचित्रं, इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ, गावनकाशा, सातबारा, शहराचा विकास आराखडा आणि किनारी भागात किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखडा इतकं समोर घ्या. एकाच नकाशावर चार गोष्टी वेगवेगळ्या रंगांत काढा: पाणी साठणाऱ्या जागा; त्यांना जोडणारे नाले, खाडीचे फाटे, मोऱ्या, उघाड्या (पाणी सोडण्या-अडवण्याची दारं); अडथळे म्हणजे रस्ते, रूळ, भिंती, वीजवाहिन्या, प्रखर दिवे; आणि प्रत्येक तुकड्याची मालकी व आरक्षण.

पाणथळ म्हटलं की लोक मोठं तळंच शोधतात. नवी मुंबईतले पाणी साठवून धरणारे धारण तलाव, मिठागरांचे जुने वाफे, सांडपाणी केंद्रांची तळी, पारसिक डोंगरावरून येणारे ओढे, रस्त्याकडेची पावसाळी डबकी हेही नकाशावर यायला हवेत. बेडूक आणि चतुर यांना पाचशे चौरस मीटरचं डबकंही दुवा म्हणून पुरतं.

जुन्या आणि नव्या उपग्रहचित्रांची तुलना करताना महिना तोच घ्या, म्हणजे मेची तुलना मेशी. ऑक्टोबरचं भरलेलं तळं आणि मेचं कोरडं तळं शेजारी ठेवून केलेली तक्रार पहिल्याच सुनावणीत पडते. खाडीकाठी तर भरती-ओहोटीमुळे एकाच दिवशी दोन चित्रं निघू शकतात. तिथे पाण्याचा पसारा मोजण्यापेक्षा फाट्याची रेषा बघा: तो तुटला का, अरुंद झाला का, त्यावर भराव कुठे पडला.

नकाशा झाला की उडणारे, चालणारे आणि पोहणारे जीव यांच्या वाटा स्वतंत्र आखा. टिलवा किंवा पाणटिवळ्यासारखा किनारी पक्षी इमारतींवरून उडून जातो, पण दर भरतीला लांबचा फेरा पडला तर स्थलांतरासाठी साठवलेली चरबी त्यातच खर्च होते. कोल्ह्याला तिवरांची सलग आडोशाची पट्टी लागते. मासे-कोळंबीला पाण्याखालून मोकळी वाट लागते. एकाच जागेवर या तिघांचे अडथळे वेगळे असतात. जिथे दोन किंवा तिन्ही वाटा एकाच ठिकाणी अडतात, ते ठिकाण कामाला पहिलं घ्या.

दुसरी पायरी: भरतीच्या वेळापत्रकाने नोंदी

किनारी पाणथळीवर घड्याळाच्या सोयीने मोजणी करून उपयोग नाही. उच्चतम भरतीच्या आधी एक तास ते नंतर एक तास ही वेळ धरा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे ‘दर रविवारी सकाळी सात’ असा नेम ठेवला तर एका रविवारी भरती मिळेल आणि पुढच्या रविवारी ओहोटी. महिन्यातून दोन मोजण्या पुरेत: एक अमावास्या-पौर्णिमेजवळच्या उधाणाला, दुसरी अष्टमीच्या आसपास भांगाला, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीला. भांगाच्या दिवसांत चिखलपट्टे पूर्ण बुडत नाहीत, पक्षी खाडीतच थांबू शकतात आणि तळं रिकामं दिसतं. फक्त अशाच दिवशी पाहणी झाली तर ‘येथे पक्ष्यांचा वावर आढळला नाही’ हे वाक्य अहवालात जातं आणि पुढे वर्षानुवर्षं तेच उद्धृत होत राहतं.

नोंदीच्या कागदावर तारीख, भरतीची वेळ व उंची, जातवार संख्या, पाण्याची खोली, कुत्री, माणसं, चालू कामं आणि दिवे हे रकाने ठेवा. मोठा थवा मोजताना आधी शंभराचा एक गट डोळ्यांनी ठरवा, तसे किती गट बसतात ते मोजा आणि छायाचित्रावरून पडताळा. जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत तुमची जागा नोंदवा आणि वर्षभराच्या याद्या ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर चढवा. न्यायालयात किंवा समितीपुढे तारीखवार, सार्वजनिक नोंद वहीतल्या नोंदीपेक्षा जास्त वजनदार ठरते. ड्रोन वापरू नका. एका घिरटीत अख्खा थवा उठतो. घरट्यांची नेमकी जागाही सार्वजनिक करू नका.

चालणाऱ्या जीवांसाठी ओल्या चिखलातले ठसे आणि विष्ठा पाहा, आणि करावे, सारसोळे अशा गावांतल्या कोळी बांधवांना विचारा. कोणत्या फाट्यातून पूर्वी होडी जायची आणि ती कोणत्या वर्षी बंद पडली, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं, आणि पाण्याच्या वाटेचा तो पहिला पुरावा असतो. त्यांची परवानगी घेऊन ते लिहून ठेवा. कॅमेरा-सापळे लावायचे तर वनखात्याची लेखी परवानगी आधी. पहिल्या दोन-तीन पावसांच्या रात्री रस्त्यावर चिरडलेले बेडूक, साप, खेकडे कुठे सापडतात ते दिव्याच्या खांबांच्या क्रमांकासह टिपा. ओलांडण्याची वाट तिथेच आहे.

तिसरी पायरी: पाणी किती येतं, किती जातं

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. कुंपण, फलक, पाहणी-मनोरे हे नंतरही होतं.

सेंटिमीटरच्या खुणा केलेली पट्टी तळ्यात आणि तसलीच दुसरी फाट्याच्या तोंडाशी पक्की रोवा. उधाणाच्या दिवशी दोन्हींवरची पातळी दर पंधरा मिनिटांनी लिहा. फाट्यात पाणी चढतंय आणि तळ्यातली पट्टी हलत नाही, तर मधली मोरी बुजलेली आहे, फार लहान आहे किंवा तिचा तळ उंचावर बसवला आहे.

मोरी लहान आहे हे सिद्ध करायला साधा गुणाकार पुरतो. समजा तळं १२ हेक्टरचं, म्हणजे १,२०,००० चौरस मीटर. भरतीच्या माथ्याजवळच्या दोन तासांत त्यात ३० सेंटिमीटर पाणी चढवायचं तर ३६,००० घनमीटर पाणी आत यायला हवं. दोन तास म्हणजे ७,२०० सेकंद. म्हणजे सेकंदाला ५ घनमीटर. आता ६०० मिलिमीटर व्यासाचा एक सिमेंट पाईप घ्या. तो पूर्ण भरून, सेकंदाला एक मीटर वेगाने वाहिला तरी त्यातून सेकंदाला सुमारे ०.२८ घनमीटर पाणी जातं. दोन तासांत होतात साधारण २,००० घनमीटर, आणि तळ्यात चढतं जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर. बाष्पीभवनात उन्हाळ्यात रोज जवळपास अर्धा सेंटिमीटर जातं, वर पाईप अर्धा गाळाने भरलेला असतो, आणि भांगाच्या दिवसांत तर पाणी तोंडापर्यंतही पोचत नाही. ‘पाईप टाकला आहे’ हे उत्तर कागदावर खरं असतं आणि तळं तरीही सुकतं.

असे अठरा पाईप लागतील. त्यापेक्षा दोन मीटर रुंदीच्या दोन चौकोनी मोऱ्या बांधून घेणं बरं. त्यांत सव्वा मीटर पाणी उभं राहिलं तरी वरचा हिशेब जुळतो आणि गाळ काढायला माणूस आत जाऊ शकतो. रोज पूर्ण ३० सेंटिमीटर बदलायची गरज नसेल तर आकडा कमी करा. पण गुणाकार लिहून अर्जाला जोडा. ‘पुरेसा प्रवाह सुनिश्चित करावा’ या वाक्याला अभियंत्याकडे उत्तर नसतं. ‘सेकंदाला इतके घनमीटर’ याला द्यावं लागतं.

मोरीचा तळ फाट्याच्या तळाशी समपातळीत हवा. अर्धा मीटर उंचावर बसवली तर फक्त मोठ्या उधाणालाच पाणी आत येईल आणि ओहोटीला मासे बाहेर पडू शकणार नाहीत. दोन्ही तोंडांशी दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) नसेल तर पाणी तळ खरवडतं आणि दोन पावसाळ्यांत मोरी आपोआप उंचावते. एकेरी झडपा असतील तर त्या पूर रोखण्यासाठी असतात हे लक्षात ठेवा. त्या सरसकट काढायची मागणी करू नका, वस्तीत पाणी शिरेल. कोरड्या महिन्यांत त्या ठरावीक उंचीपर्यंत उघड्या ठेवायचं वेळापत्रक मागा.

चौथी पायरी: कोणत्या जागेला कोणता कायदा

बऱ्याच तक्रारी चुकीचं कलम लावल्यामुळे परत येतात. पाणथळ संवर्धन व व्यवस्थापन नियम, २०१७ यांतून नदीचे प्रवाह, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यपालनासाठी, मिठासाठी किंवा करमणुकीसाठी बांधलेले जलसाठे, तसंच वनक्षेत्र, वन्यजीव संरक्षित क्षेत्र आणि किनारा नियमन क्षेत्रातल्या पाणथळी वगळलेल्या आहेत. म्हणून खाडीकाठच्या जागेसाठी आधार घ्यायचा तो २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेचा. कांदळवन, चिखलपट्टे, खारे दलदलीचे भाग त्यात सर्वात कडक अशा पहिल्या ‘अ’ वर्गात येतात, आणि १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा राखावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८ चा कांदळवनांविषयीचा निकाल सोबत जोडा.

आतल्या शहरांमध्ये २.२५ हेक्टरपेक्षा मोठी पाणथळ राष्ट्रीय यादीत आहे का ते आधी बघा. अशा २,०१,५०३ पाणथळींना सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये संरक्षण दिलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये नव्या यादीनुसार प्रत्यक्ष जागेवर पडताळणी व सीमांकन करायला सांगितलं. तुमच्या तळ्याचं सीमांकन झालं का, हा माहिती अधिकारातला पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न: गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरची मर्यादा नकाशावर आखली आहे का?

अर्ज एका पानाचा ठेवा. गाव, सर्व्हे क्रमांक, अक्षांश-रेखांश, कामाचं वर्णन, तारीख-वेळ उमटलेली छायाचित्रं, दोन उपग्रहचित्रं, पाण्याचा हिशेब आणि शेवटी एकच स्पष्ट मागणी, उदाहरणार्थ: भराव काढून फाटा मूळ रुंदीला आणावा. प्रती तहसीलदार, महापालिका, वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि कोकणात असाल तर उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या पाणथळ तक्रार निवारण समितीकडे द्या. पोच घ्या. भराव चालू असेल तर संध्याकाळी आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी जास्त लक्ष ठेवा. डंपर तेव्हाच येतात.

कायमचं संरक्षण हवं असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियमाचं कलम ३६ अ वाचा. सरकारी मालकीच्या जागेला संवर्धन राखीव क्षेत्र घोषित करण्याची त्यात सोय आहे, आणि अभयारण्यालगतचे किंवा दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणारे भाग असा त्यात थेट उल्लेख आहे. जोडदुव्याची संकल्पना कायद्यातच आहे, ती तिथून उचला. डीपीएस तलावाच्या सुमारे ३० एकरांना राज्य वन्यजीव मंडळाने २०२५ मध्ये याच दर्जासाठी मंजुरी दिली. जागा खासगी किंवा सामुदायिक असेल तर कलम ३६ क, म्हणजे सामुदायिक राखीव क्षेत्र. शिवाय महापालिकेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत ही जागा आणि तिच्याकडे येणारे नाले दोन्ही लिहून घ्या. नाल्याची नोंद बहुधा राहून जाते.

पाचवी पायरी: काठ आणि तळ

सुशोभीकरणाच्या आराखड्यांत तळ्याभोवती उभी भिंत, पदपथ आणि मधोमध कारंजं असतं. उभ्या भिंतीने उथळ काठ संपतो, आणि पाणपक्ष्यांचं सगळं जगणं त्या काठावर असतं. टिलवे, तुताऱ्या, चिखल्यांना ओला चिखल ते १० सेंटिमीटर पाणी लागतं. शेकाट्या आणि रोहितांना साधारण १० ते ३०. थापट्या, तलवार बदक यांना त्याहून थोडं खोल चालतं. काठाचा उतार सहा मीटर आडवं गेल्यावर एक मीटर खाली, किंवा त्याहूनही सौम्य ठेवा. पदपथ एकाच बाजूला, काठापासून मागे आणि झुडपांच्या आडून. दुसरी बाजू माणसांसाठी बंद.

गाळ काढताना तळं कढईसारखं खोल करू नका. एका वर्षी एक तृतीयांश भागच घ्या, काम एप्रिल-मेमध्ये उरका (रोहित अजून मुक्कामाला असतील तर त्यांच्या बाजूला हातही लावू नका) आणि काढलेला गाळ काठावर टाकू नका, पहिल्याच पावसात तो परत आत येतो. कांदळवन उगवलेल्या धारण तलावात न्यायालयाच्या परवानगीशिवाय हात घालता येत नाही. त्यासाठी एक पूर्ण हंगाम आधी प्रस्ताव द्यावा लागतो.

आणखी एक चूक वारंवार होते: चांगल्या हेतूने उघड्या चिखलपट्ट्यावर तिवरांची रोपं लावली जातात. उघडा चिखल ओसाड नसतो, ती रोहितांची आणि किनारी पक्ष्यांची चरण्याची जागा असते. तिथे तिवर वाढले की ती जागा त्यांच्या हातून गेली. लावायचंच असेल तर जिथे कांदळवन तोडलं गेलं तिथेच, आणि आधी पाण्याची वाट मोकळी करून. अनेकदा वाट मोकळी झाली की बी वाहत येऊन तिवर आपोआप उगवतात. गोड्या पाण्याच्या काठाला वाळुंज, करंज, निवर आणि पुढे लव्हाळा, पाणकणीस लावा. पाणकणीस एक चतुर्थांशापेक्षा जास्त पसरू देऊ नका.

कचरा अडवायची तरंगती जाळी प्रवाहाला सरळ आडवी बांधली तर पहिल्या जोरदार पावसात फाटते. ती तिरकी, ३० ते ४५ अंशांत लावा, म्हणजे कचरा एका काठाला सरकतो आणि तिथून रोज उपसता येतो. जलपर्णी हाताने किंवा यंत्राने मुळासकट काढा, फवारणी नको. कुजलेल्या थराने पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. जलपर्णी येते सांडपाण्यामुळे, तेव्हा नाल्याच्या तोंडाशी उपाय हवा. लहान वस्तीसाठी आधी गाळ बसवण्याची टाकी आणि मग ६० सेंटिमीटर खोल खडीचा, कर्दळ लावलेला वाफा चालतो, माणशी साधारण एक ते दोन चौरस मीटर. टाकी वगळली की वाफा वर्षभरात चोंदतो.

सहावी पायरी: मधले अडथळे

रस्त्याखालच्या मोरीत पाण्याच्या नेहमीच्या पातळीच्या वर, एका बाजूला निदान ५० ते ६० सेंटिमीटर रुंदीचा कोरडा कट्टा काढून घ्या. कोल्हा, मुंगूस, रानमांजर सहसा पोहत मोरी ओलांडत नाहीत. कट्टा नसेल तर वर येऊन गाड्यांखाली सापडतात. कट्टा दोन्ही टोकांना जमिनीला टेकलेला हवा, आणि मोरीच्या दोन्ही बाजूंना रस्त्यालगत सव्वा मीटर उंचीची जाळी, तळाशी ३० सेंटिमीटर जमिनीत पुरलेली. नव्या कामात हा खर्च किरकोळ असतो, नंतर फोडून करायचा तर कोणी तयार होत नाही. म्हणून रस्ता रुंदीकरणाच्या निविदा निघण्याआधी पत्र द्या.

रोहित खाडी आणि तळ्यांदरम्यान ये-जा करताना बऱ्याचदा खालून उडतात. नेरुळ जेट्टीजवळ २०२४ च्या सुरुवातीला एका मोठ्या फलकावर आपटून पक्षी मेले, नंतर तो फलक काढला गेला. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरजवळ विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित गेले. उड्डाणरेषेतले उंच फलक, खांब, पारदर्शक काचा नकाशावर खुणावून ठेवा. काचेवर ५ सेंटिमीटर अंतराने ठिपके, वीजतारांवर दर ५ ते १० मीटरवर फिरते परावर्तक. दिवे २७०० केल्विनच्या आत, म्हणजे पिवळसर, वरून झाकलेले, प्रकाश फक्त रस्त्यावर पडेल असे, आणि पाण्याकडेचे दिवे रात्री अकरानंतर बंद.

समुद्रापासून दूर असलात तर हेच नाल्यांवर लागू करा. पुण्यात रामनदी पाषाण तलावात येते आणि पुढे मुळेला मिळते. तलाव कितीही सजवला तरी वर आणि खाली नदीचे काठ सिमेंटचे होत गेले तर तो एकटा पडतो. काठाला दोन्ही बाजूंनी निदान काही मीटर माती आणि झाडोरा ठेवा, आणि मध्ये दर काही शे मीटरवर पाणी संथ होईल अशी जागा.

वर्षभराचं वेळापत्रक

मे: मोऱ्यांची तपासणी, गाळकाम पूर्ण, जाळ्या बांधणं. जून-जुलै: पावसाळी रात्रींच्या रस्त्यांवरच्या नोंदी, कचरा रोज. सप्टेंबर: पट्ट्यांच्या खुणा पुन्हा तपासणं, जलपर्णीचा पहिला हप्ता. ऑक्टोबरपासून मेपर्यंत महिन्याला दोन मोजण्या, जानेवारीत गणना. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाण्याची पातळी आठवड्याला तपासा. तळ्यातली पट्टी सलग दोन उधाणांना हलली नाही, तर त्याच आठवड्यात पत्र गेलं पाहिजे. एप्रिल उजाडेपर्यंत थांबलात तर मोरी मोकळी व्हायच्या आत चिखलाला भेगा पडलेल्या असतील.

या कामाला दोन माणसं कायमची लागतात: एक नोंदी ठेवणारा, दुसरा कार्यालयांत पाठपुरावा करणारा. दोन्ही एकाच्याच गळ्यात टाकू नका.